झिरोच्या बल्बपासून एलईडीपर्यंत: घरातला दिवा कसा निवडाल?

घरासाठी बल्ब घ्यायला गेल्यावर तुम्ही दुकानदाराला पहिलं काय विचारता? बहुतेक जण विचारतात, "किती वॅटचा आहे?" लगेच दुसरा प्रश्न येतो, "बिल किती येईल?" हे दोन्ही प्रश्न आपल्याला आईवडिलांकडून मिळालेले आहेत. त्यांच्या काळात ते बरोबरच होते. आज मात्र त्याच प्रश्नांमुळे आपल्या घरातली माणसं अंधारात पडतात, हाडं मोडून घेतात आणि मग दवाखान्यात येतात. ते कसं, हे समजण्यासाठी दिव्याचा थोडा इतिहास पाहू.

उदाहरण म्हणून रत्नागिरी तालुक्यातलं पाली घेऊ. अष्टविनायकातलं बल्लाळेश्वराचं पाली वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. हे पाली मुंबई-गोवा महामार्गावरचं. या भागातली जुनी घरं तुमच्या डोळ्यांसमोर असतीलच. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मागचं दार. न्हाणीघर आणि संडास बऱ्याचदा बाहेर. अंगणात उतरायला जांभ्याच्या चार पायऱ्या आणि पुढे रस्त्यापर्यंत पाखाडी. अशा घरात सगळ्यात चांगला दिवा कुठे असतो? टीव्हीसमोर. आणि सगळ्यात मिणमिणता कुठे असतो? मागच्या दारी, पायऱ्यांवर आणि न्हाणीघराच्या वाटेवर. म्हणजे माणूस जिथे पडतो नेमका तिथेच.

तेल आणि रॉकेलचा काळ

वीज येण्यापूर्वी कोकणात दिव्याला उंडीचं तेल वापरत. त्याला कडू तेल असंही म्हणत. देवापाशी समई किंवा निरांजन, माजघरात एखादी पणती, एवढाच उजेड. तेल जपून वापरायचं, म्हणून दिवेलागणीनंतर लवकर जेवायचं आणि झोपायचं.

पुढे रॉकेल आलं आणि त्याबरोबर चिमणी आणि कंदील आले. महाराष्ट्रात कंदिलाचा विषय निघाला की ओगलेवाडीची आठवण निघतेच. कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला होता. उघड्या चिमणीपेक्षा कंदील कितीतरी सुरक्षित. काचेमुळे वारा लागत नसे, ज्योत झाकलेली राहायची आणि हातात धरून गोठ्यापर्यंत जाता यायचं.

पण रॉकेलच्या दिव्याचे आजार ठरलेले होते. बंद खोलीतल्या धुराने खोकला आणि दमा वाढायचा, डोळे चुरचुरायचे. चिमणी लवंडून भाजण्याचे प्रकार व्हायचे. लहान मूल पाणी समजून बाटलीतलं रॉकेल प्यायचं आणि त्याच्या फुप्फुसाला सूज यायची. म्हणून विजेचा बल्ब आला तेव्हा तो आरोग्याच्या दृष्टीनेही मोठीच सुधारणा होता. धूर नाही, ज्योत नाही, रॉकेलची बाटली नाही.

वीज आली, आणि तिच्याबरोबर मीटर आला

एडिसनने टिकाऊ विजेचा दिवा १८७९ मध्ये तयार केला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजची बेस्ट, १९०५ पासून वीज देऊ लागली. रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९६२. सह्याद्रीपलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे आणून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या वीजगृहात सोडलं गेलं आणि वीजनिर्मिती सुरू झाली. अर्थात गावोगावी खांब आणि तारा पोहोचायला नंतर बरीच वर्षं लागली.

तेव्हाचा बल्ब म्हणजे काचेच्या गोळ्यात तापून लाल-पिवळी होणारी टंगस्टनची तार. या बल्बला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेतच जाते. साठ वॅटच्या बल्बला हात लावला तर चटका बसतो तो त्यामुळेच. त्यात कोकणातल्या वाड्यांवर, तारेच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की अशा बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बिल मात्र येतंच.

मीटर आल्यावर घरात नवा नियम आला: "दिवा मालव." दिवसाला पाच तास साठ वॅटचा एक बल्ब जाळला तर महिन्याला नऊ युनिट. घरात असे पाच बल्ब असतील तर पंचेचाळीस. म्हणून माणसांच्या खोलीत साठचा किंवा शंभरचा, न्हाणीघरात पंचवीसचा, आणि जिन्यावर, पडवीत, मागच्या दारी झिरोचा बल्ब लागला.

झिरोचा बल्ब खरंच झिरो होता का?

नव्हता. 'झिरो वॅट' म्हणून विकला जाणारा तो छोटा बल्ब प्रत्यक्षात साधारण १२ ते १५ वॅट वीज खायचा. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा विजेवर जेमतेम हलायची, म्हणून त्याचं बिल येत नाही असा समज झाला आणि नावही तेच पडलं. रात्रभर चालायचा, बिलाची भीती नव्हती, म्हणून तो घरोघरी लागला. त्याचा उजेड इतकाच की समोर काहीतरी आहे हे कळावं. ती पायरी आहे, ओली फरशी आहे की विंचू, हे कळायचं नाही.

त्या काळात ही तडजोड समजण्यासारखी होती, कारण चांगला उजेड खरोखरच महाग होता. घोळ पुढे झाला. उजेड स्वस्त झाला, पण मिणमिणत्या दिव्याची जागा आणि सवय तशीच राहिली.

ट्यूबलाइट, भारनियमन आणि सीएफएल

ट्यूबलाइट १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिचा उजेड तापलेल्या तारेतून येत नाही. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचं उजेडात रूपांतर करतो. म्हणून कमी विजेत जास्त उजेड मिळतो. आपल्याकडे व्होल्टेज कमी असलं की ती नुसती लुकलुकायची, मग कोणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचं. १९७६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एडवर्ड हॅमर यांनी ही नळी पिळून लहान केली. तो सीएफएल. चौदा वॅटच्या सीएफएलचा उजेड जवळपास साठ वॅटच्या बल्बएवढा.

महाराष्ट्रात सीएफएल घरोघरी गेला तो भारनियमनाच्या वर्षांत. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीजप्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला होता, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं राज्यात विजेचा तुटवडा होता. रोजच्या ठरलेल्या तासांच्या अंधाराची आठवण तुम्हाला असेलच. केंद्र सरकारने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आणली. जुना तारेचा बल्ब द्यायचा आणि पंधरा रुपयांत सीएफएल घ्यायचा.

सीएफएलबरोबर एक नवा प्रश्न घरात आला, पारा. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असायचा, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण अनेकांच्या घरी माळ्यावर अजून सीएफएल आणि ट्यूब पडून आहेत. त्यातली एखादी फुटली तर एवढं करा:

- मुलांना आणि गरोदर स्त्रियांना खोलीबाहेर पाठवा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.
- केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याने पारा आणि पावडर पसरते.
- जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा.
- सगळं झाकणाच्या बरणीत किंवा जाड पिशवीत बंद करा. नंतर हात धुवा.
- चांगल्या किंवा फुटलेल्या ट्यूब विहिरीजवळ, खड्ड्यात किंवा चुलीत टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

निळ्या दिव्याने केलेला बदल

ज्या १९६२ साली पोफळीत वीज तयार होऊ लागली, त्याच वर्षी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारा एलईडी बनवला. पण लाल उजेडात घर उजळत नाही. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता, आणि तो चांगला जमायला आणखी तीस वर्षं गेली. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. तुमच्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावरचा पिवळा लेप. हा निळा रंग लक्षात ठेवा, झोपेच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून, जी पुढे 'उजाला' नावाने ओळखली गेली, ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. एकदम मोठी खरेदी झाल्याने भाव कोसळले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांपर्यंत खाली आला.

आता हिशेब बघा

रात्री दहा तास, महिनाभर दिवा चालू ठेवला तर:

- जुना झिरोचा बल्ब, १५ वॅट: साडेचार युनिट
- नऊ वॅटचा एलईडी: २.७ युनिट
- अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प: ०.१५ युनिट

नऊ वॅटचा एलईडी जवळपास जुन्या साठ-सत्तर वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. म्हणजे ज्या झिरोच्या बल्बच्या उजेडात समोरची पायरी दिसत नव्हती, त्याच्यापेक्षा कमी विजेत आज तीच पायरी लख्ख दिसू शकते. बिलासाठी पायरीवर अंधार ठेवायचं कारण संपलेलं आहे. विजेची बचत तार असलेला बल्ब काढल्यानेच झाली. त्यानंतर पायरीवरचा दिवा बंद ठेवून जे वाचतं ते महिन्याला दोन-तीन युनिट. खुब्याचं हाड मोडलं तर लागणारी शस्त्रक्रिया, महिनोन्महिन्यांचं अंथरूण आणि घरच्यांची धावपळ यांच्यासमोर ते काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यात वृद्धांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे.

कुठे कोणता दिवा?

*पायऱ्या, न्हाणीघराची वाट, मागचं दार.* इथे घरातला सगळ्यात भरवशाचा दिवा लावा. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून तुम्हाला 'पुरेसा' वाटणारा दिवा तुमच्या आजीला पुरत नाही. ती तक्रार करत नाही, भिंतीला हात लावत चालते एवढंच. मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्यांना तर डोळ्यांचाच आधार असतो. दिव्याचं बटण अंथरुणापासून हाताच्या अंतरावर हवं. काळोखात चालत जाऊन लावायच्या दिव्याचा उपयोग काय?

*झोपायची खोली.* इथे उलट. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत ज्या चित्र पाहत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. २००२ मध्ये त्यांचा शोध लागला. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. रात्री उशिरा पांढराशुभ्र दिवा डोळ्यांवर आला की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण घटतं आणि झोप लांबते. म्हणून झोपायच्या खोलीत पिवळसर एलईडी लावा. रात्री उठण्यासाठी अर्ध्या वॅटचा पिवळा दिवा जमिनीजवळ, पाय पडतात तिथे असावा. बाळाला रात्री पाजण्यासाठीही तोच पुरतो.

*स्वयंपाकघर, अभ्यासाचं टेबल आणि औषधं घ्यायची जागा.* इथे पांढरा, भरपूर उजेड हवा. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा नीट दिसल्या पाहिजेत. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिवळ्या दिव्याखाली कावीळ सहज निसटते, कारण सगळंच पिवळं दिसतं. डोळे पिवळे झाल्याची शंका असेल तर सकाळच्या उजेडात दारात उभं करून बघा. अंगावरचं पुरळसुद्धा दिवसा बघितलेलं बरं.

*अंगण आणि पाखाडी.* कोकणात हा प्रश्न विंचू आणि सापाचा आहे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि १९८० च्या दशकात ते 'लॅन्सेट'मध्ये जगासमोर मांडलं. पण दंश टळला तर त्याहून चांगलं. पायाखालची जागा दिसेल असा दिवा, पायात चप्पल आणि हातात बॅटरी, एवढं पुरतं. मात्र पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे जास्त येतात. किडे आले की बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागावर साप. म्हणून बाहेर पिवळसर दिवा लावा, आणि अगदी दारावर न लावता थोडा बाजूला, खाली उजेड पडेल असा. पावसाचं पाणी आत जाणार नाही असा, 'आयपी ६५' लिहिलेला दिवा बाहेर टिकतो.

*वीज गेल्यावर.* मे २०२१ च्या तौक्ते वादळात किती वेळ अंधार होता ते आठवा. जिन्यावर आणि न्हाणीघराच्या वाटेवर बॅटरी असलेला एलईडी बल्ब लावून ठेवा. वीज गेली की तो आपोआप पेटतो. मेणबत्ती शोधत अंधारात धडपडण्याची वेळ येत नाही आणि भाजण्याची भीतीही नाही.

खोक्यावर काय वाचाल?

वॅट म्हणजे खर्च. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. खोलीसाठी साधारण ८०० ते ९०० ल्युमेनचा बल्ब घ्या. दोन बल्ब सारख्याच वॅटचे असतील तर जास्त ल्युमेनचा चांगला. रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. रंग ओळखण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ८० किंवा जास्त असावा. बीआयएसचं चिन्ह, ऊर्जा बचतीचे तारे आणि गॅरंटीची तारीख बघा. रस्त्यावर ढिगाने मिळणारे बिननावाचे बल्ब स्वस्त पडतात, पण त्यातले बरेच लुकलुकतात. ही लुकलुक डोळ्यांना थेट जाणवत नसली तरी काहींचं डोकं त्याने दुखतं, विशेषतः अर्धशिशी असलेल्यांचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बल्बकडे पाहिलं आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो परत करा.

एलईडीने डोळे खराब होतात का?

हा प्रश्न नेहमी येतो. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. घरातल्या नेहमीच्या वापरात निरोगी माणसाच्या डोळ्यांना एलईडीमुळे थेट अपाय होतो असा पुरावा तिला मिळाला नाही. उघड्या दिव्याकडे टक लावून पाहू नका आणि बाळाच्या अगदी डोळ्यांवर दिवा ठेवू नका, एवढी काळजी पुरे. रात्रीच्या झोपेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावरचा उपाय वर सांगितला आहे.

पणतीपासून एलईडीपर्यंत प्रत्येक नव्या दिव्याने आधीच्या दिव्याचा एक धोका कमी केला. कंदिलाने उघडी ज्योत झाकली, बल्बने धूर संपवला, एलईडीने पारा घालवला. अंधारात पडण्याचा धोका मात्र कोणताही दिवा आपणहून घालवत नाही. तो कुठे लावायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून आज रात्री एक काम करा. सगळे झोपायच्या वेळी आजीच्या किंवा आजोबांच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत तुम्ही स्वतः चालत जा. चष्मा असेल तर काढून जा. जिथे पाऊल टाकताना तुम्ही थबकलात, तिथे उद्या पहिला बल्ब लावा.